आजोबांची सुई, नातीची दोरी

हर्णै बंदराजवळच्या एका गावातून पत्र आलं आहे. थोडं कापून देते.

"बाई, नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे. यंदा शाळेत गाईडचं, म्हणजे मुलींच्या स्काऊटचं, पथक सुरू झालंय, त्यात तिचं नाव आहे. डिसेंबरात चार दिवसांचं मुक्कामी शिबिर आहे आणि तिला जायचंच आहे. नवरा बोटीवर, आठ-आठ दिवस घरी नसतो. तो म्हणतो, तू आणि आबा काय ते ठरवा. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांचं म्हणणं, हे सगळं इंग्रजांचं खूळ, पोरांना सलाम ठोकायला शिकवतात. इंग्रज गेला, आता त्याचा डगला कशाला घालायचा? वर पोरीची जात, चार रात्री घराबाहेर कशाला? आणि गाठी मारायला शिकवतात म्हणे! कोळ्याच्या पोरीनं गाठी शिकायला पैसे भरायचे? मला त्यांचं सगळंच खोटं वाटत नाही. पण पोरीचं तोंडही बघवत नाही. गणिताची शिकवणी बुडेल ती वेगळीच. खरंच ह्यात काही अर्थ असतो का?"

ताई, गाठींचं वाक्य वाचून मी घरात एकटीच मोठ्यानं हसले. आबांना माझा नमस्कार सांगा. आधी त्या गाठींचंच बोलते, बाकीचं मागून.

गाईडला सुरुवातीला ज्या गाठी शिकवतात त्यांत एक असते शीट बेंड. एक दोरी जाड आणि एक बारीक असली की त्या जोडायला ती वापरतात. सारख्या जाडीच्या दोऱ्या जोडायची साधी गाठ, रीफ नॉट, तिथे सरकते. जाड दोरी टोकाशी दुमडायची, म्हणजे एक डोळा होतो. बारीक दोरी त्या डोळ्यातून खालून वर आणायची, डोळ्याच्या दोन्ही पायांना मागून वळसा घालायचा आणि टोक तिच्याच अंगाखाली खोचून ओढायचं. आता आबा पडवीत जाळं दुरुस्त करायला बसलेत असं डोळ्यांपुढे आणा. वरच्या ओळीतला डोळा डाव्या हाताच्या चिमटीत धरलेला, सुईचा धागा त्यातून वर येतो, मागून वळसा घेतो, खाली खोचला जातो, खसकन ओढला जातो. तीच गाठ. जाळं विणताना कोळी जी गाठ मारतात तीच स्काऊटच्या पुस्तकात शीट बेंड म्हणून छापलेली असते. फरक एवढाच की आबा ती बोलता बोलता शंभरदा मारत असतील आणि मी ती सातवीच्या मुलींना शिकवण्यात अख्खा तास घालवायचे.

म्हणजे आबांचा मुद्दा बिनतोड आहे. फक्त त्यांना एक विचारा: ही गाठ त्यांनी नातीला शिकवली आहे का? माझा अंदाज आहे, नाही. नातवाला कदाचित शिकवली असेल, तीही तो हट्टानं शेजारी येऊन बसला असेल तर. घरात विद्या असली म्हणून ती पुढच्या हातांत आपसूक उतरत नाही. माझे वडील बागायतदार होते. नारळावर चढणारा गडी आमच्याकडे रोज यायचा आणि मला आजही माडाच्या पहिल्या खाचेपलीकडे पाय टाकता येत नाही.

आता इंग्रजांचं. इथे आबांशी वाद घालू नका, कारण त्यांचं निम्मं खरं आहे, आणि निम्मं खरं बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही.

ही चळवळ काढणारा रॉबर्ट बेडन-पॉवेल इंग्रज लष्करातलाच. १८७६ मध्ये तो घोडदळात दाखल झाला तोच मुळी हिंदुस्थानात. पुढे आफ्रिकेत इंग्रज आणि तिथले डच वंशाचे बोअर यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा मॅफेकिंग नावाच्या गावाला वेढा पडला आणि २१७ दिवस त्यानं ते गाव लढवलं. १९०० च्या मे महिन्यात वेढा उठला. लढायला माणसं कमी, म्हणून गावातल्या पोरांची एक तुकडी उभी केली होती. नऊ-नऊ वर्षांची पोरं त्यात होती. निरोप पोचवायचे, टेहळणी करायची, वर्दी द्यायची. सुरुवातीला गाढवांवरून, मग सायकलींवरून. पोरांवर खरी जबाबदारी टाकली तर ती पार पाडतात, हे त्यानं तिथे पाहिलं. त्याच वेढ्यात गावातल्या काळ्या लोकांच्या शिध्याला कात्री लावल्याचा ठपकाही त्याच्यावर इतिहासकारांनी ठेवला आहे. हेही आबांना सांगा. लपवून ठेवण्याजोगं त्यात काही नाही, आणि माणूस काही देव नव्हता.

इंग्लंडला परतला तो नायक होऊनच. तिथे त्याला कळलं की सैनिकांसाठी लिहिलेलं त्याचं टेहळणीचं छोटं पुस्तक शाळेतली पोरंच वाचताहेत. मग १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउन्सी नावाच्या बेटावर त्यानं वीस मुलं नेली. ती नेमकी कोण होती, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काही बड्या घरची, महागड्या निवासी शाळांतली, आणि काही कामकऱ्यांच्या वस्तीतली. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन पोरं एका ताटाला बसणं सोडा, एका रस्त्यानं चालणंही अवघड. त्यांची त्यानं सरमिसळ केली आणि चार संघ पाडले: लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू. कर्ल्यू म्हणजे लांब, खाली वाकलेल्या चोचीचा पक्षी. थंडीत आपल्या खाड्यांच्या चिखलात चोच खुपसत फिरतो तोच. प्रत्येक संघाला पोरांमधलाच एक नायक. पहाटे आफ्रिकेतून आणलेलं शिंग फुंकून उठवायचं, मग दिवसभर माग काढणं, स्वयंपाक, पोहणं, रात्री शेकोटी.

सगळी कल्पना त्याच्या एकट्याच्या डोक्यातली नव्हती. ग्लासगोत विल्यम स्मिथनं १८८३ पासूनच मुलांची पथकं चालवली होती, अमेरिकेत अर्नेस्ट थॉम्पसन सेटन रानातले खेळ शिकवत होता. बेडन-पॉवेलनं त्यांच्याकडून बरंच उचललं. १९०८ च्या जानेवारीपासून त्यानं मुलांसाठीचं पुस्तक सहा भागांत काढलं, दर पंधरवड्याला एक भाग. आणि मग त्याच्याही हिशोबात नसलेली गोष्ट घडली. संघटना उभी राहायच्या आधीच गल्लीगल्लीतल्या पोरांनी आपापले संघ केले आणि आम्हाला कुणी मास्तर द्या म्हणून मोठ्यांच्या मागे लागली. खरं तर त्या क्षणी ते लष्करवाल्याच्या हातातून सुटलं आणि पोरांचं झालं, असं माझं मत.

आपल्याकडे १९०९ मध्ये बंगळुरात पहिलं पथक निघालं, तेही कॅप्टन बेकर नावाच्या इंग्रजानंच काढलं. पण ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या पोरांना घ्यायला सरकार बिचकत होतं. शिस्त, टेहळणी, एकजूट हे आपल्या पोरांना शिकवणं राज्यकर्त्यांना परवडलं नसतंच म्हणा. मग ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला वेगळी संघटना काढली. १९१८ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीचे स्काऊट उभे केले. स्वातंत्र्य मिळाल्यावर ह्या वेगवेगळ्या चुली एक करून ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संस्था झाली. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला मुलींची संस्थाही तिला जोडली गेली. तेव्हा आबांना सांगा, डगला इंग्रजानं शिवला खरा, पण आपल्याला घालायला दिला नव्हता. आपल्या माणसांनी कापड स्वतः आणलं आणि आपल्या मापानं शिवून घेतला.

सलामाचं तर काही विशेष नाही. तीन बोटं वर असतात, कारण वचनाचे तीन भाग: ईश्वर आणि देश यांच्याबद्दलचं कर्तव्य, दुसऱ्याला मदत, आणि नियम पाळणं. मुलगी मला सलाम करायची, मीही तिला तसाच उलट करायची. मला त्या वचनातला एक शब्दप्रयोग फार आवडतो. मी अमुक करीन असं तिथे मुलगी म्हणत नाही. शक्य तितका प्रयत्न करीन, म्हणते. बारा वर्षांच्या पोरीकडून ह्याहून जास्त वचन घ्यायचा आपल्याला अधिकारही नाही.

इथवर मी स्काऊट-गाईडची वकिली केली. आता उलट बाजू, कारण तुम्ही विचारलंय की "खरंच" अर्थ असतो का.

पुष्कळदा नसतो. मी स्वतः शाळेत तीन वर्षं गाईड होते. तपासणीच्या आदल्या दिवशी कपाटातून स्कार्फ निघायचे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजून परत जायचे. माझ्या स्कार्फला कायम डांबराच्या गोळ्यांचा वास. आम्ही ओळीत उभ्या राहायचो, झेंडा वर जायचा, साहेब "छान" म्हणायचे. तीन वर्षांत मी एकही तंबू उभा केला नाही. खरी कमाईचा दिवस असायचा, म्हणजे मुलांनी स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवायचे. आमच्याकडे बटाटेवडे आयांनी तळले, पैसे आम्ही मोजले आणि फोटो मास्तरांनी काढला. असलं गाईड असेल तर आबा म्हणतात ते अगदी खरं, मुलीला घरी ठेवा.

पुढे मी शिक्षिका झाले आणि गाईड कॅप्टनचं, म्हणजे पथक चालवायचं, काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यातच पडलं, मागितलं नव्हतं. पहिल्या वर्षीच्या शिबिरात मी सगळं चोख केलं. तंबू गड्यांकडून मारून घेतले, आचारी बोलावला, वेळापत्रक भिंतीवर लावलं. मुली लग्नाला आल्यासारख्या आल्या आणि जेवून गेल्या. घरी आल्यावर मला वाटलं, ह्यापेक्षा एसटीनं गणपतीपुळ्याला नेऊन आणल्या असत्या तरी चाललं असतं.

दुसऱ्या वर्षी समुद्रकाठी सुरूच्या बनात शिबिर होतं. प्रत्येक संघाला तांदूळ, डाळ, मीठ, दोन कांदे, काडेपेटी दिली आणि सांगितलं, दुपारी बाराला जेवण. एका संघात सहा मुली होत्या. त्यांची नायिका आठवीतली, वर्गात पहिली येणारी, जरा ठसक्याची. तिनं सकाळीच तीन दगड मांडून चूल केली, तोंड गावाकडे. सकाळी वारा जमिनीकडून वाहत होता, सुरूच्या सुक्या काड्या भुरकन पेटल्या, भात चढला. ती खूश. अकराच्या सुमाराला वारा पडला आणि मग समुद्राकडून सुरू झाला. जाळ चुलीच्या तोंडातून बाहेर यायला लागला, धूर सगळ्यांच्या डोळ्यांत, भांड्याच्या बुडाला आच लागेना. नायिका फुंकणीनं फुंकतेय, राख उडून भातात पडतेय. ओरडायला लागली, हिला बोल, तिला बोल.

मी आठ पावलांवर उभी होते. काय चुकलंय ते मला दिसत होतं. एक शब्द बोलले असते तर पाच मिनिटांत काम झालं असतं. मी हात मागे बांधून उभी राहिले. ताई, गाईड कॅप्टनचं सगळ्यात अवघड काम कुठलं असेल तर हात मागे बांधून उभं राहणं. वर्गात शिकवणं त्यापुढे काहीच नाही.

त्या सहांत सहावीतली एक मुलगी होती, खलाशाची लेक. दोन दिवसांत तिनं तोंड उघडलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "मतलई संपली, आता खारा वारा आला. चूल फिरवायला हवी." नायिकेनं तिच्याकडे असं पाहिलं जणू भिंत बोलली. मग भांडं उतरवलं, दगड हलवले, चुलीचं तोंड समुद्राकडे केलं. भात दीड वाजता झाला, खाली लागलेला, वर टरटरीत, मधे राख. सगळ्यांनी खाल्ला. मलाही वाढला, मीही खाल्ला.

भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे दोन्ही असतात. नायिकेला त्या प्रश्नाला पूर्ण गुण होते, पेपर मीच तपासला होता. संध्याकाळी शेकोटीला बसताना तिनं त्या सहावीतल्या मुलीला आपल्या शेजारी जागा ठेवली. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, मीही नाही.

मला ह्या सगळ्यातलं मोलाचं विचाराल तर हे आहे. सहा-आठ पोरींना खरं काम देऊन, त्यांच्यातलीच एक पुढे ठेवून, मोठ्यांनी आठ पावलं लांब राहणं. ब्राउन्सी बेटावरचे चार संघ म्हणजे हेच होतं. गणवेश, पदकं, सोपानं म्हणजे परीक्षांच्या पायऱ्या, ही त्यावरची साल. सोपानं चढत राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत मुलं जातात, रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडचा कोटा असतो, हे कुणी ना कुणी तुम्हाला सांगेलच. तेही असू द्या. पण त्यासाठी पाठवू नका. पोरगी सातवीत आहे, नोकरी अजून लांब आहे.

म्हणून माझा सल्ला: हो किंवा नाही ठरवायच्या आधी एकदा शाळेत जा आणि कॅप्टन बाईंना भेटा. अगदी साधं विचारा, शिबिरात स्वयंपाक कोण करणार? "आचारी ठरवलाय, काळजी करू नका" असं उत्तर आलं तर खरी काळजी तिथूनच करा. मुली करणार असतील तर पुढचं विचारा, संघ पाडलेत का, नायिका कुणी निवडली, आणि ती आजवर स्वतःच्या मनानं काय ठरवू शकली आहे. सूर्यनमस्कार आणि संचलन एवढंच दर आठवड्याला चालत असेल तर तेही कळेल. पण बाई नवीन असतील, पथक यंदाच सुरू झालंय म्हणता, तर त्यांना सगळी उत्तरं येणार नाहीत. चालेल. बाई ऐकून घेतात की झटकून टाकतात, ते बघा. मलाही दुसऱ्या वर्षीच उमगलं होतं.

रात्रीचं तुमच्या मनात आहे, ते मलाही आई म्हणून कळतं. आबा "पोरीची जात" म्हणतात त्याचा राग आला तरी त्यामागची भीती खोटी नसते. ह्यात लाजू नका, सरळ विचारा. मुलींबरोबर रात्री किती बाई मुक्कामाला आहेत, त्या त्याच खोलीत किंवा शेजारच्या तंबूत झोपणार का. संडास-न्हाणीघर कुठे, रात्री तिथवर दिवा आहे का. पाण्यात उतरायचा नियम काय. आपल्या किनाऱ्यावर दर वर्षी माणसं बुडतात आणि त्यांतले पुष्कळ जण "मला पोहता येतं" म्हणणारेच असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिबिर समुद्रकाठी असेल तर मोठ्या माणसाशिवाय गुडघ्याच्या वर पाणी नाही, हे बाईंच्या तोंडून ऐकून घ्या. पाळी सुरू झाली असेल किंवा नसेल, सामान पिशवीत घालाच आणि काय करायचं ते लेकीला आदल्या रात्री सांगा. ह्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पटलं नाही तर पाठवू नका, मग ती कितीही रडो. पुढच्या वर्षी शिबिर असतंच.

पण उत्तरं पटली आणि तरीही "पोरीची जात" एवढंच उरलं, तर आबांना एक गोष्ट ऐकवा. १९०९ च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला बेडन-पॉवेलनं मुलांचा मेळावा भरवला. हजारो मुलगे. त्यांत काही मुली स्काऊटच्या टोप्या घालून बिनबोलावता येऊन उभ्या राहिल्या. कोण तुम्ही म्हणून विचारलं तर म्हणाल्या, आम्ही मुली स्काऊट. त्या काळच्या इंग्लंडातल्या आबांनीही हेच म्हटलं होतं, पोरींना कशाला रानात हिंडायला? शेवटी १९१० मध्ये मुलींची वेगळी संघटना काढावी लागली आणि त्याची बहीण ॲग्नेस हिनं ती हातात घेतली. गाईड हे नाव कुठून आलं माहीत आहे? आपल्याकडच्या वायव्य सरहद्दीवर गाईड्स नावाची लष्कराची पलटण होती, तिच्यावरून. डोंगरात वाट दाखवणारे जवान होते ते.

एक राहिलं. "ह्याचा उपयोग काय" असं आबांनी विचारलं तर आंजर्ल्याकडे बोट दाखवा, तुमच्या शेजारीच आहे. थंडीत पहाटे तिथे कासवमित्र वाळूवरून चालत निघतात. रात्री ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालून गेलेली असते आणि मागे ठेवते फक्त वल्ह्यांसारख्या पायांचा माग. माग वर गेलाय की खाली, कुठे वाळू उकरून पुन्हा थापटली आहे, ते वाचून ही माणसं घरटं शोधतात, शंभरेक अंडी काढून राखलेल्या जागी पुरतात. वेळासलाही असंच चालतं. स्काऊटचं काम हेच, पुढे जाऊन जमीन वाचणं. गाईडच्या मुलींना मागाच्या खुणा शिकवतात, काड्यांचे बाण, दगडांची मांडणी, वाळूतल्या रेषा. वाट संपली की शेवटची खूण असते एक वर्तुळ आणि मधे टिंब, म्हणजे मी घरी गेले. बेडन-पॉवेल १९४१ मध्ये केनियात वारला, न्येरी गावात त्याचं थडगं आहे. त्याच्या दगडावर हीच खूण कोरली आहे.

आणि ३ जून २०२० बद्दल मी तुम्हाला काय सांगू? निसर्ग वादळ तुमच्या डोक्यावरून गेलं. माड आडवे, पोफळी आडव्या, कौलं उडालेली, कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नाही. आमच्या आळीत तेव्हा फाटकी ताडपत्री नीट ताणून कोपऱ्याला गाठ मारता येणारी दोनच माणसं होती, दोघंही साठीच्या पुढची. तरणी पोरं फोनला रेंज शोधत गच्चीवर उभी.

गणिताची शिकवणी बुडू द्या. चार दिवसांचं गणित चार दिवसांत भरून निघतं.

आता आबांना कसं पटवायचं. तुम्ही पटवू नका. तुम्ही बोललात की ती सासू-सासऱ्यांची बाजू आणि सुनेची बाजू होते. लेकीला पाठवा. संध्याकाळी ते जाळ्याशी बसले की तिनं जवळ जाऊन बसायचं आणि म्हणायचं, आबा, शाळेत शीट बेंड दाखवली, मला नीट जमत नाही, तुमची बघू. बाकी काही बोलायचं नाही. शिबिराचं तर अजिबात नाही. दोन-तीन संध्याकाळी गेल्या तर जाऊ द्या. मग एक दिवस कॅप्टन बाईंकडून आबांना निरोप येऊ दे, पथकाला गाठी दाखवायला एक तास शाळेत या म्हणून. बाई नक्की बोलावतील, मी असते तर जीपच पाठवली असती. सुई आणि फाटका जाळ्याचा तुकडा बरोबर आणायला सांगा. म्हातारा माणूस तीस पोरींसमोर बसून जाळं विणतो आणि पोरी टाचा उंचावून बघतात, हे एकदा झालं की पुढचं त्यांच्यावर सोडा.

पिशवी भरताना: विजेरी, आणि तिचे सेल उलटे घालून ठेवा म्हणजे आपोआप पेटून संपणार नाहीत. स्वेटर एक, डिसेंबरात पहाटे किनाऱ्यावर थंडी वाजते. स्टीलचं ताट-वाटी नाव कोरलेलं. साध्या चपला, नवे बूट नकोत. खाऊ द्यायचाच तर सहाजणींना पुरेल एवढा द्या, एकटीपुरता नको. आणि दोन मीटर दोरी. बाजारातून नवी नायलॉनची आणू नका, तिची गाठ नवशिक्याच्या हातात सुटते. आबांकडे बोटीवरची जुनी, वापरून मऊ पडलेली दोरी असेलच. ती तुम्ही मागू नका, तिलाच मागायला सांगा.